अल्बिनाचा पाव हँगर

अल्बिना व्होंड्राला हँगरमधून बाहेर काढण्यासाठी जे पत्र गेलं, त्यावर तीन सह्या होत्या आणि त्यातली एक माझी होती. हे आधीच सांगून टाकतो, नंतर सांगायला तोंड राहणार नाही.

मी अर्विन. हॅव्हलिक गावात ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात माझी चाळीस वर्षं गेली. १९८७ साली आम्ही चार मित्रांनी मिळून धावपट्टीच्या कडेला पत्र्याचा हँगर बांधला. शेतकरी ड्वेन टाइखमायर, दातांचा डॉक्टर मर्ल ऑसगूड, मी, आणि लॅडी व्होंड्रा, म्हणजे अल्बिनाचा नवरा. जागा गावाची, पत्रा आमचा. चौघांची चार छोटी विमानं, तेव्हा प्रत्येकाचा हिस्सा पाव. विजेचं बिल, छपराची गळती, दारापुढचा बर्फ, सगळं चौघांत. करार एका पानाचा, मर्लने हाताने लिहिलेला, आणि त्यातलं अर्धं पान सह्यांनीच अडवलेलं.

चार विमानं त्या जागेत मावायची, पण एकाचा पंख दुसऱ्याच्या शेपटीवर आणि दुसऱ्याचं नाक तिसऱ्याच्या पोटाशी, अशी. सगळ्यात मागच्याला उडायची लहर आली की पुढच्या तिघांची विमानं बाहेर ओढायची आणि संध्याकाळी होती तशी आत लावायची. कुणाच्या पंखाला ओरखडा गेला की पुढचे दोन महिने कुणी कुणाशी सरळ बोलायचं नाही. तरी बुधवारी सगळे पत्ते खेळायला यायचेच, कारण सोफा फक्त लॅडीच्या कोपऱ्यात होता.

अल्बिना तेव्हा हँगरकडे फिरकत नसे. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने एकतीस वर्षं काढली. गावातल्या पन्नाशीच्या आतल्या एकूण एक माणसाने तिच्या हातचं खाल्लेलं, आणि कोण मटार खिशात लपवायचं, कोण शेजाऱ्याच्या ताटातला केक पळवायचं, हे तिला नावानिशी पाठ. त्यामुळे बँकेचा मॅनेजरसुद्धा ती दिसली की शर्ट खोचून घेतो. लॅडीच्या विमानात मात्र ती एकदाच बसली होती. त्याने विमान घेतलं त्या पहिल्या उन्हाळ्यात. उतरल्यावर म्हणे इतकं मळमळलं की लॅडीने पुन्हा कधी विचारलं नाही.

२००९च्या फेब्रुवारीत लॅडी गेला. सकाळी दाढी करताना खाली बसला, तो उठला नाही. उन्हाळ्यात त्याचं विमान कर्नी गावच्या एका माणसाने विकत नेलं. कोपरा रिकामा झाला. सोफा राहिला.

आता आमच्या मनातलं पाप. ओमाहाचा एक हाडांचा डॉक्टर आपल्या विमानाला जागा शोधत होता. जागा मिळाली तर छप्पर नवं घालून देतो म्हणाला. आमचं छप्पर असं, की पावसात हँगरपेक्षा बाहेर कोरडं. आम्ही तिघे धुतलेले शर्ट घालून अल्बिनाकडे गेलो.

"अल्बिना, तुला आता त्या जागेचा काय उपयोग?" मर्लने सुरुवात केली. दात उपटण्याआधी जो आवाज काढतो, तोच आवाज. "उगाच पाव हिस्सा भरत बसशील."

"किती रे काळजी माझी," ती म्हणाली. "कोलाचे खा."

कोलाचे म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, ते आम्ही खाल्ले. प्रत्येकी चार. काम झालं असं समजून घरी आलो.

शनिवारी हँगर उघडला तर लॅडीच्या जागेवर दहा फुटी लाकडी चौकट उभी. तिच्यावर ताणलेली, अर्धी शिवून झालेली गोधडी. शेजारी दिवा, रेडिओ, कॉफीचं भांडं आणि अल्बिना.

"घरात ही चौकट मावत नाही," ती म्हणाली. "उघडली की मला न्हाणीघरात जायला तिच्याखालून रांगावं लागतं. इथं कसं ऐसपैस आहे."

"अगं पण हा विमानांचा हँगर आहे!" ड्वेन ओरडला.

"करारात दाखव."

करारात 'प्रत्येकी पाव जागा' एवढंच होतं. जागेत काय ठेवायचं ते लिहिलेलंच नव्हतं. आम्ही दोघांनी मर्लकडे पाहिलं. मर्लने छपराकडे पाहिलं.

त्यानंतर आमचं हँगरमधलं सुख संपलं. विमान आत लावताना मागून आवाज यायचा, "डावीकडे घे, ड्वेन. तुझ्या डावीकडे, माझ्या नव्हे." मी तेल बदलायला बसलो की म्हणायची, "एवढं सांडून उरतं तेवढंच घालतोस का रे आत?" बुधवारी ती पत्त्यांना बसायची आणि हरायची नाही. मर्लच्या हातात चांगली पानं आली की त्याचे कान लाल होतात, हे बावीस वर्षांत आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. तिला दुसऱ्याच डावात कळलं.

पत्राची कल्पना मर्लची. विमानतळ कमिटीचा अध्यक्ष होता रोलंड क्विस्ट. नियम म्हणजे त्याला मिठाई. उन्हात उभा राहिला तर स्वतःच्या सावलीलाही पट्टी लावून सरळ करील असा माणूस. मर्लने आपल्या दवाखान्याच्या कागदावर लिहिलं, 'आमच्या हँगरचा विमानाव्यतिरिक्त कामासाठी वापर होत आहे, कमिटीने लक्ष घालावं.' ड्वेनने सही केली. मीही केली. दहा दिवसांनी येणाऱ्या गुरुवारी तपासणी, अशी नोटीस दारावर लागली.

मला दोन दिवस जेवण गोड लागेना. तिसऱ्या दिवशी मी हँगरवर गेलो. ती टाके घालत होती.

"नोटीस वाचलीस?" मी विचारलं.

"वाचली. कुणीतरी तक्रार केलेली दिसते."

"लोक असतात तसे," मी म्हणालो आणि बुटांकडे पाहिलं. "नियम असा आहे की हँगरमध्ये विमानच पाहिजे. नाहीतर निदान बनत असलेलं विमान."

तिची सुई थांबली. "बनत असलेलं? म्हणजे किती बनलेलं?"

"ते काही लिहिलेलं नाही."

"अस्सं." तिने चष्मा कपाळावर नेला. "अर्विन, विमानातली सगळ्यात सोपी वस्तू कुठली रे? जी माझ्यासारखीला स्वयंपाकघराच्या टेबलावर करता येईल?"

मी मूर्खासारखं खरं सांगितलं. जुन्या पद्धतीच्या लाकडी पंखात फासळ्या असतात. तीन हात लांब, बोटाएवढ्या जाड काड्यांच्या, डिंकाने जोडलेल्या. पतंग करता येतो त्याला फासळी करता येते. वर आणखी शहाणपणा म्हणून एका लिलावात बोल्टांच्या खोक्याबरोबर आलेली विमानाच्या नकाशांची गुंडाळी तिला आणून दिली. दोन माणसांचं, एकामागे एक उघड्या जागा असलेलं, डोक्यावर पंख असलेलं विमान. कागद पिवळे पडले होते, पण मापं वाचता येत होती.

गुरुवारी क्विस्ट आला. हातात कागद लावलेली पाटी, पाटीला पेन दोरीने बांधलेलं. आम्ही तिघे हात बांधून बाजूला उभे. मर्लचे कान लाल.

"मिसेस व्होंड्रा," तो म्हणाला, "ही गोधडीची चौकट आहे."

"होती, रोलंड. आता ते विमान बांधायचं टेबल आहे."

चौकटीवर गोधडी नव्हतीच. फळी टाकली होती, फळीवर नकाशा, आणि नकाशावर एक फासळी. कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी जागोजाग दाबून धरलेली. पंधरा-वीस चिमटे. साळिंदरासारखी दिसत होती.

"हे विमान?"

"ही त्याची एक फासळी. नकाशात अठ्ठावीस आहेत. तू लहानपणी एक एक मटार खायचास, तेव्हा मी घाई केली का तुला?"

क्विस्टने खिशातून नियमांचं पुस्तक काढलं, बोटाने ओळ शोधली, दोनदा वाचली. 'विमान, अथवा बांधकाम चालू असलेलं विमान.' त्याने पाटीवर खूण केली. "ठीक आहे. हे नियमात बसतं."

मग तो वळला. आम्हाला वाटलं, निघाला. पण पुस्तक हातात असताना क्विस्ट असा कसा निघेल? त्याची नजर मर्लच्या विमानाच्या पंखाखाली गेली. तिथे मर्लची मोटरबोट होती, गाड्यासकट. ड्वेनच्या भागात बियाण्याची साठ पोती आणि हरणाच्या मांसाने गच्च भरलेला डीप फ्रीझ. माझ्या भागात गवत कापायची दोन यंत्रं आणि बायकोची नाताळची सजावट, त्यात फुगवायचा एक सांताक्लॉज, अर्धवट फुगलेला.

"हे कुठल्या विमानाचे भाग?" क्विस्टने विचारलं.

उत्तराला फक्त डीप फ्रीझ घरघरला.

"तीस दिवसांत सगळं हलवा. चार जणांत नियमाने वागणाऱ्या एकट्या मिसेस व्होंड्रा आहेत, हे मी अहवालात लिहितो."

"कोलाचे खाऊन जा, रोलंड," अल्बिना म्हणाली. त्याने उभ्याउभ्या दोन खाल्ले. आम्हाला कुणी विचारलं नाही.

मर्लची बोट त्याच्या दारापुढे उभी राहिली, तशी त्याची बायको त्याच्याशी महिनाभर बोलली नाही. सांताक्लॉज आमच्या झोपायच्या खोलीत आला.

क्विस्टने दर तीन महिन्यांनी 'बांधकामाची प्रगती' बघायचं ठरवलं. पहिल्या खेपेला अल्बिनाने तीच फासळी भिंतीवर टांगून दाखवली. दुसऱ्या खेपेला तिला वॉर्निश लावून दाखवली. तिसऱ्या खेपेला उलटी करून. मी तिथेच होतो, हसू दाबायला विमानाच्या शेपटीमागे गेलो.

"किती झाल्या?" क्विस्ट म्हणाला.

"चाललंय हळूहळू. वय झालं आता."

पण चौथ्या खेपेला त्याने खिशातून पेन्सिल काढली आणि फासळीच्या एका कोपऱ्यात बारीक अक्षरात आपली सही आणि तारीख घातली. अल्बिना त्याच्याकडे बघत राहिली. "एक एक मटार खाणारा पोरगा," ती तो गेल्यावर म्हणाली, "मोठा होऊन असाच होणार."

त्याच आठवड्यात तिने दुसरी फासळी केली. मग तिसरी. सातव्या फासळीला ती मला फोन करून म्हणाली, "अर्विन, पहिली वाकडी आहे रे. सातवीशेजारी ठेवली की दिसतं. मी ती नव्याने करते." तेव्हा मला कळलं की आता हे क्विस्टसाठी चाललेलं नाही.

दोन हिवाळ्यांत अठ्ठावीस फासळ्या झाल्या. सांगाड्याच्या नळ्या जोडायची वेळ आली, तेव्हा ड्वेन "मी फक्त बघायला आलोय" म्हणत आला आणि बघता बघता वेल्डिंगचा मुखवटा चढवून बसला. नळ्यांच्या सांध्यात जिथे कानस पोचत नाही, तिथे मर्लने दवाखान्यातलं दात कोरायचं यंत्र आणून घासलं. त्या आवाजाने आम्हा सगळ्यांचे जबडे दुखले. अल्बिना त्याला म्हणाली, "मर्ल, पहिल्यांदाच तुझ्या हाताखालचं कुणी ओरडलं नाही बघ."

मग पंखाला कापड चढवायचं आलं. तिथे आम्ही तिघे शिकाऊ आणि ती उस्ताद. कापड ताणून चिकटवायचं, मग साध्या घरच्या इस्त्रीने तापवून आवळायचं. चर्चमधल्या गोधडीवाल्या पाच बायका तिने बोलावल्या. त्यांनी इस्त्रीचा ताव ज्या हाताने जोखला, तो हात आम्हाला नव्हता. त्यानंतर प्रत्येक फासळीला कापड शिवून टाकायचं. पंख उभा धरतात, एक माणूस अलीकडे, एक पलीकडे. हातभर लांबीची सुई अलीकडून खुपसायची, पलीकडच्याने ओढून परत पाठवायची. मेणाचा दोरा, दर तीन बोटांवर गाठ.

एका दुपारी पंखाच्या पलीकडे मी होतो. ती मला दिसत नव्हती. फक्त सुई येत होती आणि आवाज.

"अर्विन, मला विमानात कधीच मळमळलं नव्हतं."

मी सुई हातात धरून राहिलो. "काय?"

"सुई पाठव. लॅडीबरोबर बसले त्या दिवशी. काही झालं नव्हतं मला. पण तो वर गेला की गायचा. आणि गाणं थांबलं की खालचं प्रत्येक शेत कुणाचं, त्यात काय पेरलंय, मागच्या वर्षी किती पिकलं ते सांगायचा. मी म्हटलं, हे दर रविवारी? खाली उतरून पोट धरलं आणि वाकले."

"बावीस वर्षं!"

"बावीस वर्षं रविवारची दुपार माझी होती. गोधडी, रेडिओ आणि मी." सुई आली. मी परत पाठवली. पुढच्या टाक्याआधी अल्बिना म्हणाली, "गायचा मात्र बरा रे. आता वाटतं, दोन-चार रविवार द्यायला हवे होते."

त्या दिवशी आम्ही सहा फासळ्या शिवल्या.

पंख झाले, सांगाडा झाला, चाकं आली. राहिलं इंजिन. ते काही टेबलावर होत नाही. गारपिटीत पंख फुटलेलं एक विमान पन्नास मैलांवर होतं, त्याचं इंजिन चांगलं होतं, पण मालक किंमत सोडत नव्हता. बुधवारी पत्ते वाटून झाले, तेव्हा अल्बिनाने बिस्किटांचा डबा काढला. आम्ही हात पुढे केले. डब्यात बिस्किटं नव्हती. दवाखान्याच्या कागदावरचं एक पत्र होतं.

"रोलंडने पहिल्याच दिवशी प्रत दिली होती," ती म्हणाली. "नियमच आहे म्हणे, ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याला प्रत."

ड्वेनने पानं खाली ठेवली. मर्लचे कान पेटले, आणि हातात पानं तर दुर्री-तिर्रीच होती.

"पाच वर्षं तुला माहीत होतं?" मी म्हणालो.

"तू तर म्हणाला होतास, लोक असतात तसे." तिने पत्र घडी घालून पुन्हा डब्यात ठेवलं. "मी काही रागावलेली नाही. अक्षर छान आहे मर्लचं. पण हे मी चर्चच्या वार्षिक जेवणात वाचून दाखवावं की नको, हा विचार चाललाय. तोवर सांगा, इंजिन कोण आणतंय?"

शनिवारी आम्ही तिघे ड्वेनचा ट्रक घेऊन गेलो आणि इंजिन घेऊन आलो. किती पडलं ते आमच्या बायकांना अजून सांगितलेलं नाही.

२०१६च्या मे महिन्यात सरकारी तपासनीस आला. त्याने सगळं विमान ठोकून, हलवून पाहिलं. पंखाशी आल्यावर खिशातून छोटी पट्टी काढून टाके मोजायला लागला. मोजता मोजता चष्मा बदलला. "हे कुणी शिवलं?"

"एका बाजूने मी. दुसऱ्या बाजूने हा, पण त्याच्या गाठी मी उसवून परत घातल्यात," अल्बिना म्हणाली. मला हे तेव्हाच कळलं.

क्विस्टही आला होता. त्याला पहिल्या फासळीवरची आपली सही शोधायची होती. अल्बिनाने सांगितलं की ती वाकडी होती म्हणून जाळली. त्याचा चेहरा पडला. मग तिने एक जादाची फासळी कागदात गुंडाळून त्याला दिली. आता ती त्याच्या ऑफिसात टांगलेली आहे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तो सांगतो की हे विमान त्याच्या देखरेखीखाली बांधलं गेलं.

घरी बांधलेल्या नव्या विमानात पहिले चाळीस तास फक्त वैमानिकाने एकट्याने उडायचं असतं. ते मी उडालो. पहिल्या उड्डाणाआधी प्रत्येक बोल्ट मी तीनदा तपासला, खोटं कशाला बोलू. पण विमान सरळ गेलं, सरळ आलं. अल्बिना धावपट्टीच्या कडेला पालथ्या बादलीवर बसली होती. मी उतरल्यावर तिने आधी पंखाखाली वाकून टाके बघितले, मग माझ्याकडे.

ऑगस्टमधल्या एका रविवारी चाळीस तास पुरे झाले. पुढच्या जागेत ती, मागे मी. चामड्याची टोपी, गळ्यात रुमाल, वय अडुसष्ट.

"मी बोलू नको ना?" मी कानातल्या यंत्रातून विचारलं.

"तू उडव."

आम्ही वर गेलो. मका गुडघ्याखाली गेला, मग पाटाएवढा झाला, मग गोधडीवरच्या ठिगळाएवढा. ती काही बोलत नव्हती. मला वाटलं, लॅडीची आठवण आली असेल, एकटं सोडावं. मी गावावरून एक मोठा वळसा घेतला. तेवढ्यात तिने कडेवरून मान बाहेर काढली.

"अर्विन! डावीकडे! डावीकडे घे! तो ड्वेनचा ट्रक ना?"

खाली डोनटच्या दुकानामागे ड्वेनचा हिरवा ट्रक उभा होता. ड्वेन त्या महिन्यात डॉक्टरांच्या सांगण्यावरून गोड खात नव्हता. निदान बायकोला तसं सांगत होता.

"आणखी खाली घे. ती बघ, मर्लच्या बायकोने कुंपणाआड पोहण्याचा तलाव बांधलाय, सांगितलं नाही कुणाला! आणि तो रोलंड का? परसात? अरे देवा, कोंबड्या! गावात कोंबड्या पाळायला बंदी आहे! सात आहेत, मी मोजल्या!"

क्विस्ट मान वर करून आमच्याकडे बघत होता. अल्बिनाने हात हलवला. त्यानेही हलवला, आणि मग एकदम हात खाली करून कोंबड्यांपुढे आडवा उभा राहिला.

"आणखी एक चक्कर," ती म्हणाली.

आम्ही चार चकरा मारल्या. उतरल्यावर तिला ना मळमळलं, ना चक्कर आली. बुधवारी पत्ते पिसता पिसता तिने सगळं सांगितलं. कुणाचे टोमॅटो लाल, कुणाच्या छपरावर कुणाचा चेंडू, कोण दुपारी चर्चच्या मागे सिगारेट ओढतं. कुठे काही बोलली नाही, फक्त आम्हाला सांगितलं. पण हॅव्हलिकमध्ये तेवढं पुरतं.

आता ती पंच्याहत्तरीची आहे. हँगरचं छप्पर अजून गळतं. ओमाहाच्या डॉक्टरने दुसरीकडे जागा घेतली. दर रविवारी दुपारी दोनच्या सुमारास आम्ही वर जातो, आणि इंजिनाचा आवाज आला की गावातले लोक आपापल्या परसात पळतात. कुणी काहीतरी ताडपत्रीखाली ढकलतो, कुणी घाईघाईने शर्ट घालतो. क्विस्टने तर कोंबड्यांच्या खुराड्यावर गवताच्या रंगाचं छप्पर घातलंय.

"बरं दिसतं," अल्बिना वरून म्हणते. "पण आधी तिथं गवत कुठे होतं?"